कार्ट्रिजचा कागद

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, पेनं, प्रोजेक्टचं सामान, राख्या, आकाशकंदील आणि दारातच ग्रीटिंग कार्डांचा स्टँड. दिवाळीची, नव्या वर्षाची कार्डं पूर्वी गठ्ठ्याने जायची. मोबाइलवरून शुभेच्छा जायला लागल्या आणि ती विक्री बसली. तरी स्टँड मी काढलेला नाही. कार्डच हवं असलेली माणसं अजून येतात, एकेक उघडून वाचतात, परत ठेवतात, पुन्हा तेच काढतात. असं गिऱ्हाईक दुकानात असलं की मला बरं वाटतं.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी रिक्षावाल्याने एका मुलीला पायरीपर्यंत आणून सोडलं. पंचविशीची असेल. हातात पांढरी काठी, खांद्याला पर्स. म्हणाली, "काका, मैत्रिणीचं लग्न ठरलंय. शुभेच्छांचं कार्ड हवंय, आणि काहीतरी छान भेटवस्तू."

मी स्टूल पुढे केलं आणि दुकानातली भारीतली कार्डं काढली. सोनेरी फॉइलची, चमकीची, उघडल्यावर फुलं उभी राहणारी. आतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. तिने दोन कार्डांचा मजकूर ऐकून घेतला आणि मग हळूच थांबवलं. "मजकूर राहू दे काका. मैत्रीणही माझ्यासारखीच आहे. तिला हे वाचता येणार नाही. मला आत ब्रेलमध्ये लिहायचंय. कागद कसा आहे ते बघू दे."

मग तिने कार्डं बघितली. बघितली म्हणजे, कोपरा चिमटीत धरून जरासा वाकवला, अंगठा कागदावरून फिरवला, नखाने टिचकी मारली. "याला प्लॅस्टिक लावलंय." बरोबर, लॅमिनेशन होतं. "हे फार जाड." तेही बरोबर, 300 जीएसएमचं आर्ट कार्ड. पंचवीस वर्षं मी कागद विकतोय, पण पाकिटावरचा आकडा बघून. तिला आकडा लागत नव्हता.

शेवटी 80 रुपयांचं एक कार्ड बाजूला काढून ती म्हणाली, "यावर एकदा लिहून बघू का? खराब झालं तर पैसे देते." पर्समधून तिने ब्रेलची पाटी काढली. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या. वरच्या पट्टीला बारीक बारीक खिडक्यांच्या ओळी, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. मधे कागद अडकवायचा आणि लाकडी मुठीच्या टोचणीने टिंबं दाबायची. तिने चार अक्षरं टोचली. कागद इतका कडक की टिंबं नीट उठेनात, आणि एक टिंब तर आरपार गेलं. तिने बोट फिरवून मान हलवली.

तेव्हा मला माळा आठवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, त्या पुरात आमचा खालचा सगळा माल गेला. भिजून फुगलेल्या वह्या आम्ही फावड्याने भरून बाहेर टाकल्या. तेव्हापासून कागदाचे गठ्ठे माळ्यावरच असतात. तिथून चित्रकलेचा कार्ट्रिज काढला, एलिमेंटरी-इंटरमीजिएटची मुलं नेतात तो. तिने एक कोपरा वाकवला आणि लगेच म्हणाली, "हाच."

मी शीट कापून, घडी घालून साधं कार्ड करून दिलं. ती काउंटरवरच लिहायला बसली. टक टक टक टक. उजवीकडून सुरुवात केली तेव्हा मला वाटलं चुकलीच. बोललोही तसं. म्हणाली, "टिंबं मागच्या बाजूला उठतात ना काका. म्हणून उलटं लिहायचं, पालटून सुलटं वाचायचं." प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं डोक्यात फिरवायचं, आणि हात मात्र जराही अडखळत नव्हता. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. काय दिलं, काय घेतलं, मला आठवत नाही.

लिहून झाल्यावर पान पालटून तिने माझं बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. "हे 'प्रिय' आहे." पाच घरं. पहिल्यात जोडाक्षराची खूण, मग प, मग र, मग वेलांटी, शेवटी य. आपण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो. ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर येते. दोनच टिंबं तिची, डावीकडचं मधलं आणि उजवीकडचं वरचं. ती मला तिसऱ्या खेपेला लागली. पुढचा मजकूर तिने सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

भेटवस्तू पटकन ठरली. झाकणावर वेल कोरलेली एक लाकडी डबी. वेलीवरून बोट नेत ती पार टोकाच्या पानापर्यंत गेली. वर कागद लावताना म्हणाली, "चुरचुर वाजणारा लावा. उघडताना तिला मजा येईल."

कार्ड पाकिटात घालून मी गोंदाची बाटली उचलली, तर तिने अडवलं. "चिकटवू नका. तोंड उघडंच ठेवायचं, नुसतं आत दुमडा. आणि वर 'अंधांसाठी साहित्य' असं लिहा. ब्रेलच्या टपालाला तिकीट लागत नाही." इतकी वर्षं दुकानात पाकिटं विकली, पण हे मला माहीत नव्हतं. डबीला मात्र ही सवलत नाही, ती पार्सलने वेगळी पाठवावी लागणार होती. मी दोन्हींवर पुण्याचा पत्ता घातला, पोराला गल्ल्यावर बसवलं आणि तिच्याबरोबर पोस्टात गेलो. कारकुनाने पाकीट उघडून आतलं टिंबांचं पान बघितलं, बंद न करता शिक्का मारला आणि टपालात टाकलं.

टोचलेल्या कार्डाचे पैसे ती देत होती, मी घेतले नाहीत. कार्ड गल्ल्याशेजारी ठेवून दिलं. येता-जाता त्यावर बोट फिरवायचो, काही लागायचं नाही. संक्रांतीनंतर ती कार्ट्रिजची 10 शीटं न्यायला आली तेव्हा कार्ड तिच्या हातात दिलं आणि विचारलं, त्या दिवशी यावर काय लिहिलं होतंस?

तिने बोट फिरवलं. "एक टिंब फुटलंय, पण वाचता येतंय." आणि हसून म्हणाली, "'कागद'."