छापायला काय जातं?

"छापायला काय जातं, साहेब!" लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार हसत म्हणाला.

हातात १८६५० या मापाचा, रिचार्ज होणारा लिथियम-आयन सेल, वर ठसठशीत '९९०० एमएएच', म्हणजे चार्ज साठवायची क्षमता. भाचीला लाइन फॉलोअर, म्हणजे आखलेल्या रेषेवरून धावणाऱ्या रोबोटसाठी तीन सेलचा पॅक बांधायचा होता. या मापाच्या सेलमध्ये नावाजलेल्या कंपन्यांची मजलही ३५०० च्या आसपासच जाते!

भाचीने वाद घातला नाही. काउंटरवरच्या काट्यावर सेल ठेवला. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढेमागे भरतो, हा तिशीही गाठेना. "मामा, हा नको."

मग ड्रॉवरमधून दुसरा निघाला. '२६००', वजनदार, किंमत दुप्पट. तो आत का? तर म्हणे, कमी आकडा बघून गिऱ्हाईक हातच लावत नाही.

हे डोक्यातून जाईना. मोटरने जोर मागितला की असल्या हलक्या सेलचं व्होल्टेज बसतं, कंट्रोलर (रोबोटचा मेंदू) रीसेट होतो, रोबोट वळणावरच अडतो. आणि पोरं बिचारी रात्रभर कोड तपासत बसतात. (सर पण कोडच तपासायला सांगतात, ते वेगळंच.)

आपलंच प्रोग्रॅमिंग कच्चं, असं समजून किती जणांनी हा नाद सोडला असेल?