लेकरांना कामाला का लावता? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या बालगृहात पाहुणे आले की चहा होईपर्यंत हा प्रश्न येतोच. कुणी मुलगी कणीक मळत असते, कुणी मुलगा वहीत भाजीचा हिशेब लिहीत बसलेला असतो. ते बघून एखाद्या ताई मला बाजूला घेतात आणि हळूच म्हणतात, "आधीच बिचाऱ्यांना आई-बाप नाहीत, त्यात तुम्ही कामाला काऊन लावता?" त्यांचा जीव तुटतो म्हणूनच त्या विचारतात, हे मला कळतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. आमच्याकडे येणाऱ्यांत आई-बाप दोघंही नसलेली मुलं थोडी. पुष्कळांचा बाप गेलेला असतो, कुणाचा कर्जापायी, कुणाचा दारूपायी. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते, नाहीतर तिने दुसरं घर केलेलं असतं. मागे उरते म्हातारी आजी. माझं मत विचाराल तर त्या आजीच्या अंगात बळ आहे तोवर लेकराला तिच्यापासून तोडूच नये. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे ती त्यासाठीच. अशा मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. कागद जमवायला आम्ही आजीबरोबर जातो. आजीच्या कुशीत झोपणारं लेकरू चांगल्यातल्या चांगल्या बालगृहातल्या लेकराहून सुखी असतं, हे बालगृह चालवणारी मीच सांगते आहे.

ज्यांना असं कुणीच नसतं ती आमच्याकडे राहतात. नवीन आलेल्या लेकराला आम्ही काम सांगत नाही. त्याला आधी माया लागते, आणि ती रोज त्याच माणसाकडून लागते. आज एकीने वेणी घातली, उद्या दुसरीने, असं झालं तर लेकरू कुणाचंच होत नाही. पुष्कळ मुलं पहिले काही दिवस जेवताना अर्धी पोळी खिशात घालतात आणि रात्री उशीखाली ठेवतात. आमच्या मावशी ती काढून घेत नाहीत. झाकणाचा एक लहान डबा देतात आणि म्हणतात, "याच्यात ठेव, मुंग्या नाही लागत. तुहीच हाय, कोणी नेत नाही." डबा बरेच दिवस उशाशी असतो. मग एखाद्या रात्री तो स्वयंपाकघरातच राहून जातो आणि लेकराला त्याची आठवणही येत नाही. त्यानंतर हळूहळू कामाचं.

आता कामच का? घरातलं मूल कुणी न शिकवता किती शिकतं ते बघा. सिलिंडर संपला की आई काय करते, महिनाअखेरीला बाप किराणावाल्याशी काय बोलतो, लाईटबिल थकलं की काय होतं, मयतीला गेल्यावर कुठे बसायचं, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे घडतं. संस्थेतल्या मुलाला यातलं काहीच दिसत नाही. घंटा झाली की ताट येतं. साबण संपला की दुसरा मिळतो. पैसा कमी पडला की माणूस काय करतो, हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 18 वर्षं पूर्ण झाली की त्याचा बालगृहातला मुक्काम संपतो. पुढे 21 पर्यंत अनुरक्षण गृहाची सोय आहे, पण ती जागा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. तुमच्या-माझ्या घरात अठराव्या वाढदिवसाला पोरगा पिशवी घेऊन बाहेर पडतो का? यांना पडावं लागतं. त्या दिवसाची तयारी त्या दिवशी करून कशी चालेल?

म्हणून आठवडी बाजाराला मोठी मुलं आळीपाळीने, दोघं-दोघं जातात. मागे आठवीतल्या एका मुलीची पाळी होती. तिने संध्याकाळी भाव उतरल्यावर भेदरं, म्हणजे टोमॅटो, घेतली, स्वस्त मिळाली म्हणून खुशीत आली. पिशवी उपडी केली तर निम्मी पिचलेली. मावशींनी काही न बोलता त्यांची चटणी केली. पुढच्या पाळीला ती त्याच दुकानाशी बसून एकेक भेदरं दाबून बघत होती, आणि दुकानदार वैतागला तरी उठली नाही. आमच्याकडे उरलेल्या पैशांचं काय करायचं ते बाजाराला जाणाऱ्यांनी ठरवायचं असतं. सांभार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायचा राहिला होता, तरी तिने फुटाणे आणले आणि लहान पोरांच्या ओंजळीत घालत सगळ्यांना सांगत सुटली, "म्या ठरवलं, म्या!" त्या दिवशीच्या वरणात सांभार नव्हता. पण काय खायचं, काय ल्यायचं, कुठे झोपायचं हे जिच्यासाठी कायम दुसऱ्याने ठरवलं, तिने स्वतः काहीतरी ठरवलं होतं.

याच कारणाने पाहुण्यांनी येऊन केक कापायचा आणि मुलांसोबत फोटो काढायचे, हे आम्ही बंद केलं. खाऊ जरूर आणा. पण त्या खाऊच्या बदल्यात लेकरांनी रांगेत उभं राहून हात जोडावेत हे मला पटत नाही. तुमचं मूल मामाने आणलेल्या पेढ्यासाठी रांग लावत नाही.

शिक्षणाचंही थोडं सांगते. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते वेळेवर हातात नसेल तर मार्क असूनही जागा जाते. म्हणून आधार, बँकेचं खातं, प्रमाणपत्र ही कामं आम्ही मुलांना सोबत घेऊनच करतो. फॉर्म तेच भरतात, खिडकीवर तेच बोलतात. सगळ्यांनी पदवीच घ्यावी असा माझा हट्ट नाही. एकाने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, तो आज पंप दुरुस्तीला गावोगाव जातो आणि दिवाळीला इथे येतो.

सगळ्यांनाच एकटं उभं राहता येणार नाही, हेही खरं. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग, बेवारस मुलांना आपलं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांना 18 नंतरही संस्थेतच राहता यावं, असा कायदा करा, ही त्यांची जुनी मागणी. माझंही तेच म्हणणं. ज्याला आयुष्यभर हात धरायला कुणी लागतं, त्याला वय मोजून बाहेर काढणं हा अन्याय आहे. पण ज्याच्या पायात बळ आहे त्याला केवळ दयेपोटी बसवून ठेवणंही तितकंच वाईट.

तेव्हा आमच्या मुलांसाठी काय आणू, असं विचारत असाल तर एक काम सांगते. आमची मुलगी नोकरीला लागते, पगार सुरू होतो, आणि भाड्याची खोली बघायला गेली की घरमालक विचारतात, "घरी कोण-कोण आहे?" तिथेच सगळं अडतं. तुमच्या ओळखीत यवतमाळला, अमरावतीला, वर्ध्याला कुणाची खोली असेल तर त्यांना सांगा, या मुलीला मी ओळखतो. आणि एखादा रविवार तिला जेवायला बोलवा. भाजी तीच घेऊन येईल, निवडून.