टीव्हीवरच्या मुंग्या

१९९४ च्या डिसेंबरात मी घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही स्कूटरवर पुढे, पायांशी ठेवून चर्चच्या हॉलमध्ये नेला. नगरच्या आमच्या मंडळीत तरुण संघाची नाताळाआधीची सभा होती. मी तेव्हा ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घ्यायचो. पाळकसाहेब म्हणाले होते, "विज्ञान आणि विश्वास यावर तुम्हीच बोला."

अँटेना जोडून, पण स्टेशन न लागणाऱ्या चॅनलवर टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या आणि खर्रर्र आवाज. दिवे घालवायला सांगितले आणि म्हणालो, या मुंग्यांतला थोडासा भाग कुठल्याही स्टेशनचा नाही, पृथ्वीवरचासुद्धा नाही. विश्व जन्मलं तेव्हाची ऊब अजून सगळीकडे पसरून राहिली आहे, तिचा हा अंश. मग पवित्र शास्त्र उघडून उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचला. 'प्रकाश होवो' या शब्दांपाशी थांबलो आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. हॉलमध्ये कुणी हलेना. पुढच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी पदराने डोळे टिपले. माझ्या टिपणवहीत त्या दिवशीचं शेवटचं वाक्य असं आहे : 'विज्ञानाने देवाची सही शोधून काढली आहे.'

सभा संपल्यावर बारावीतला एक मुलगा जवळ आला. "सर, नारळीकर सर तर म्हणतात की विश्वाला सुरुवातच नाही. त्यांचं बरोबर निघालं तर?"

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर नवा सिद्धांत मांडला होता. त्यात विश्वाची सुरुवात करणारा महास्फोट नव्हता. विश्व अनादी, फुगतं, आक्रसतं, पुन्हा फुगतं, आणि मधून मधून ठिकठिकाणी नवं द्रव्य निर्माण होतं. नारळीकर आमच्या पोरांना देवासारखे. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे, मराठीत लिहिणारे. मी त्याला सांगितलं, "बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही."

तो म्हणाला, "म्हणजे बहुमत फिरलं की देव जाणार?"

उद्धटपणा अजिबात नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. टीव्ही घरी आणला, पण तो प्रश्न पुढे कितीतरी वर्षं माझ्याबरोबर राहिला.

आधी भौतिकशास्त्राचं बोलतो, कारण तिथेही मी ढिसाळ बोललो होतो. ती ऊब, म्हणजे वैश्विक सूक्ष्मलहरींचं प्रारण, विश्वाच्या पहिल्या क्षणाचं नाहीच. विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचं झालं, पुरेसं थंड झालं, इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांभोवती स्थिरावले, तेव्हा कुठे प्रकाशाला वाट मोकळी झाली. तो प्रकाश आज निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंशांइतका थंड होऊन आपल्यापर्यंत पोचतो. त्याच्याही मागे भौतिकशास्त्र बरंच दूर जातं, पण अगदी आरंभाशी आपली समीकरणंच तुटतात. १३८० कोटी वर्षं हा आकडा आपण विश्वाचं वय म्हणून सांगतो, तो प्रसरण उलटं मोजत गेल्यावर मिळतो. 'त्याआधी शून्य होतं' असं ते समीकरण म्हणत नाही. ते मी म्हणत होतो, आणि भौतिकशास्त्राच्या तोंडी घालत होतो.

उत्तराची वाट मला दाखवली ती फादर जॉर्ज लमेत्र यांनी. महास्फोटाची कल्पना पहिल्यांदा मांडणारा माणूस कॅथलिक धर्मगुरू होता, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. बेल्जियममधल्या शार्लेरुआचा जन्म, १८९४ चा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, १९२३ मध्ये धर्मगुरूची दीक्षा झाली, आणि लगेच केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनकडे गेले. १९२७ मध्ये त्यांनी ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात फ्रेंचमध्ये निबंध छापला. आइनस्टाइनच्या समीकरणांत प्रसरण पावणारं विश्व बसतं, आपलं विश्व तसंच आहे, आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून पळताना दिसतात त्या त्यामुळेच, असं त्यात होतं. प्रसरणाचा वेगही त्यांनी काढला होता. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर दोन वर्षांनी आला. १९२७ मध्येच ब्रुसेल्सला आइनस्टाइन लमेत्र यांना भेटले तेव्हा म्हणाले, तुमचं गणित बरोबर आहे, पण तुमचं भौतिकशास्त्र भयंकर आहे.

१९३१ मध्ये त्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापून आलं, त्यात वेगाचा हिशोब असलेला भाग गायब. कित्येक वर्षं लोकांना वाटायचं, हबलच्या बाजूने कुणीतरी तो कापला. २०११ मध्ये जुनी पत्रं सापडली आणि कळलं, भाषांतर खुद्द लमेत्र यांनीच केलं होतं, आणि तो भागही त्यांनीच गाळला होता. तोवर हबलची निरीक्षणं आली होती, आपले जुने आकडे पुन्हा छापण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटलं. श्रेयासाठी ते भांडले नाहीत. २०१८ मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून दीर्घिकांच्या दूर पळण्याच्या त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणायचं ठरवलं, तेव्हा लमेत्र जाऊन बावन्न वर्षं झाली होती.

त्यांनी दुसरी एक गोष्टही गाळली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १९३१ च्या मे महिन्यात 'नेचर'मध्ये त्यांचं एक छोटं पत्र आलं. सगळं विश्व एका आद्य अणूतून निघालं असावं, ही कल्पना त्यात पहिल्यांदा आली. आजच्या महास्फोटाचं हे बीज. टंकलिखित प्रतीत शेवटी एक परिच्छेद होता : जो परमेश्वरावर विश्वास ठेवतो तो हेही मानतो की देव मूलतः गुप्त आहे, आणि आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या आरंभावर पडदा टाकतं याचा त्याला आनंदच होईल. छापायला देण्याआधी त्यांनी त्यावर काट मारली.

विश्वास कमी होता म्हणून नव्हे. सेमिनरीत, धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेत असताना त्यांनी स्वतःच उत्पत्तीच्या सुरुवातीच्या वचनांचा अर्थ भौतिकशास्त्राच्या उजेडात लावून पाहिला होता. प्रकाश होवो, म्हणजे अमुक प्रारण. थोडक्यात, मी टीव्ही घेऊन जे केलं तेच. पुढे त्यांनी तो रस्ता सोडला. पवित्र शास्त्र तारणाचा मार्ग शिकवतं, तारकांचं गणित शिकवत नाही, अशी त्यांची धारणा झाली.

मग १९५१ आलं. २२ नोव्हेंबरला पोप बारावे पायस पोंटिफिकल अकॅडमी या व्हॅटिकनच्या विज्ञानसंस्थेपुढे बोलले, आणि आधुनिक विज्ञान जणू त्या आदिम 'प्रकाश होवो'चं साक्षीदार झालं आहे, असा त्यांच्या भाषणाचा सूर होता. जगभर बातम्या झाल्या. कुठल्याही धर्मगुरूला आनंद व्हावा अशी वेळ. खुद्द पोप आपल्या सिद्धांताला पवित्र शास्त्राचा आधार देताहेत! लमेत्र अस्वस्थ झाले. पुढच्या वर्षी रोमला खगोलशास्त्रज्ञांचं अधिवेशन होतं, पोप तिथे पुन्हा बोलणार होते. लमेत्र यांनी आधी व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल यांच्याशी बोलून घेतलं. सप्टेंबर १९५२ च्या त्या भाषणात पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

हे वाचलं त्या रात्री मला नगरचा तो हॉल आठवला. पोप बोलले तेव्हा लमेत्र यांचा सिद्धांत अजून सिद्ध व्हायचा होता, समोर हॉईलचा स्थिर-स्थिती सिद्धांत, म्हणजे विश्व कायम असंच होतं म्हणणारा, उभा होता. १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना महास्फोटाला 'बिग बँग' हे नाव हॉईलनीच दिलेलं. देवाला या सिद्धांताला बांधलं, आणि उद्या सिद्धांत पडला तर? पण मला वाटतं लमेत्र यांची काळजी याहून खोल होती. १९५८ मध्ये सॉल्व्हे या शास्त्रज्ञांच्या परिषदेत ते जे म्हणाले त्यावरून तसं दिसतं : हा सिद्धांत श्रद्धेच्या प्रश्नांच्या पूर्ण बाहेर आहे. देव न मानणारा मोकळा राहतो, आणि मानणाऱ्याला देवाशी सलगी करायची सोय राहत नाही. जुन्या करारातला संदेष्टा यशया म्हणतो तसा देव गुप्त आहे, विश्वाच्या आरंभीही गुप्तच. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातली ती ओळ मी लहानपणी पाठ केली होती. तिचा असा अर्थ कधी मनात आला नव्हता.

आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या उपदेशांत कॅथलिक धर्मपंडित थॉमस ॲक्विनस फारसे येत नाहीत, पण माझ्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न तेराव्या शतकात त्यांच्यापुढे जसाच्या तसा होता. ॲरिस्टॉटल म्हणतो जग अनादी आहे, मग देवाने ते निर्माण कसं केलं? थॉमस म्हणतात, जगाला सुरुवात आहे हे आपण विश्वासाने मानतो, ते तर्काने सिद्ध करता येत नाही, आणि उगाच लंगडे पुरावे देत बसलो तर न मानणाऱ्यांना हसायला कारण मिळेल. आणि समजा जग अनादी असलं, तरी ते देवावरच अवलंबून असेल. यासाठी त्यांनी संत ऑगस्टिनचा दाखला घेतला आहे : एक पाऊल अनादी काळापासून धुळीत टेकलेलं आहे. त्याच्याखालचा ठसाही अनादी. तरी ठसा पावलामुळे आहे, पाऊल ठशामुळे नाही.

निर्माण करणं म्हणजे फार पूर्वी कधीतरी कळ दाबणं नव्हे. निर्माण करणं म्हणजे असू देणं, आत्ताही, हे वाचताना तुमचा श्वास चालू आहे तेव्हाही. नारळीकरांचं विश्व अनादी निघालं असतं तरी त्याला कुणीतरी धरून ठेवावंच लागलं असतं.

माझी आई राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. पहाटे चूल पेटवण्याआधी डोक्यावर पदर घेऊन ती दोन मिनिटं डोळे मिटायची. "प्रभू, उठवलंस, श्वास दिलास, आजचा दिवस तुझा." बस, एवढंच. सृष्टीच्या पहिल्या दिवसाबद्दल ती कधी काही बोललेली मला आठवत नाही. तिची सृष्टी रोज पहाटे होत होती. मी चार पदव्यांनंतर ॲक्विनसमध्ये जे वाचलं ते चुलीपुढे बसलेल्या आईकडून ऐकत मोठा झालो होतो, आणि मला ते कळलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुराव्याचा निकाल पुढे महास्फोटाच्या बाजूने अधिकाधिक भक्कम झाला. खुद्द लमेत्र यांना ते सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याची बातमी १९६६ मध्ये, मरणाच्या थोडंच आधी, त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने आजारपणात सांगितली. त्यांना समाधान वाटलं. शास्त्रज्ञ म्हणून वाटलं, आणि तसंच वाटायला हवं होतं. नारळीकर सर शेवटपर्यंत आपल्या शंका मांडत राहिले. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा आमच्या उपासनेत मी त्यांचं नाव घेऊन आभार मानले. मंडळीतल्या काहींना ते खटकलं. मला त्यांचे आभार मानायचेच होते. त्यांचा तो सिद्धांत नसता तर त्या मुलाने प्रश्न विचारला नसता.

गेल्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तरुण संघातल्या अकरा मुलांना घेऊन खोडदला गेलो. नगर-कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वर, बेल्हे, आळेफाटा, मग नारायणगावाकडून आत. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा मधल्या भागात आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर शेतांमधून उभ्या. तिथे मोबाईल बंद ठेवावे लागतात, तेव्हा मुलं आपसूक वर बघू लागतात. तबकडी भरीव नसते, तारेची जाळी असते. खाली उभं राहिलं की तिच्यातून आभाळ दिसतं.

"सर, ही तर जाळी. लाट आरपार नाही का जाणार?" एका मुलीने विचारलं.

मी तिला सांगितलं, हायड्रोजनची लाट निघते तेव्हा २१ सेंटिमीटर लांब असते. याच दुर्बिणीने अशी एक लाट पकडली आहे, जी निघून ८८० कोटी वर्षं झाली. वाटेत विश्व फुगत गेलं, लाटही ताणली, इथे पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटर झाली होती. एवढ्या लाटेला जाळीची भोकं दिसतच नाहीत. तिने हात पसरून ४८ सेंटिमीटर किती ते मोजून पाहिलं, मग बाकीच्यांनीही.

त्या वेळी मी शास्त्रातलं एकही वचन काढलं नाही. टिपणवहीतल्या त्या जुन्या वाक्यावर बऱ्याच वर्षांपूर्वी काट मारली आहे.

दुपारी एका झाडाखाली सतरंजी अंथरली. भाकरी, पिठलं, ठेचा. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, आवाज मऊ आहे. त्यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले, आजच्या दिवसाबद्दल, रस्त्यात गाडी नीट चालली त्याबद्दल, ही दुर्बीण बांधणाऱ्या हातांबद्दल, आणि समोरच्या भाकरीबद्दल. आम्ही आमेन म्हटलं आणि डबे उघडले.