मागचा संडास

"नवीन कमोड बसवून पाच महिने झाले आणि पाण्याचं बिल उलट वाढलंय. कमी येईल म्हणून सांगितलं होतं ना तुमच्या माणसांनी?" दार उघडल्या उघडल्या आजींनी दोन बिलं माझ्या हातात दिली.

मी पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेत काम करते. पाणी वाचवणाऱ्या वस्तू बसवल्या की आमच्याकडून घरमालकाला खर्चाचा काही भाग परत मिळतो, म्हणजे रिबेट. वस्तू खरंच बसली आहे का, हे घरी जाऊन पाहणं माझं काम. मॉडेल नंबर, पावती, फोटो, सही. दहा मिनिटांत उरकतं. वीज वाचवणाऱ्या वस्तूंवरच्या रिबेटच्या तपासण्याही अधूनमधून आमच्याच वाट्याला येतात. त्याच दिवशी सकाळी एका घरी नवा फ्रिज स्वयंपाकघरात आणि जुना मागच्या खोलीत, दोन्ही चालू होते. जुना फ्रिज उचलून नेल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं मला वाटतं ते यासाठीच. आजींच्या तक्रारीचं मूळ मात्र कुठल्याच नियमात सापडणारं नव्हतं.

कमोड नीट बसवलेला होता. जुना एका फ्लशला 13 लिटर घ्यायचा, हा 6 घेतो. आजी एकट्याच राहतात. दिवसाला सहा फ्लश धरले तर 42 लिटर वाचायला हवेत.

सगळे नळ बंद करायला सांगून मी मीटरपाशी उकिडवी बसले. आकड्यांच्या शेजारी एक बारीक लाल त्रिकोण असतो, थेंब थेंब पाणी गेलं तरी फिरणारा. सहसा कुणी त्याच्याकडे बघत नाही. तो फिरत होता, संथ पण एकसारखा. घड्याळ लावून पाहिलं: तीन मिनिटांत एक लिटर. तासाला 20, दिवसाला 480.

आकडा ऐकून आजी पायरीवरच बसल्या. "पण गळतंय कुठे? फरशी तर कोरडी ठणठणीत आहे."

मागच्या अंगाला दुसरा संडास होता, मुलगा सुट्टीला आला तरच वापरात येणारा. म्हणूनच तो बदलायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. टाकीचं झाकण काढून मी आत खाण्याच्या निळ्या रंगाचे काही थेंब टाकले. आता पंधरा मिनिटं फ्लश करायचा नाही, म्हटलं.

तेवढ्यात आजींनी विचारलं, "तुम्ही पाणी विकता, मग कमी वापरा म्हणून वर पैसे कसे देता?"

हा प्रश्न मला फार आवडतो. नवा साठा, नवी जलवाहिनी, नवं शुद्धीकरण केंद्र उभारण्यापेक्षा घरोघरचं वाया जाणारं पाणी वाचवणं पुष्कळदा स्वस्त पडतं, असं मी सांगितलं. न्यूयॉर्क शहराने 1994 ते 1997 या काळात असाच परतावा देऊन 13 लाखांहून जास्त जुने कमोड बदलून घेतले, तेही सांगितलं. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, पण मागचा संडास बघायला तर कुणीच आलं नाही."

खरंच कुणी आलं नव्हतं. आमच्या अर्जात त्यासाठी रकानाच नाही.

परत येऊन पाहिलं तर भांड्याच्या मागच्या बाजूने निळी रेघ उतरत होती. पाणी चिनी मातीला चिकटून इतकं गुपचूप घसरत होतं की रंग नसता तर मलाही दिसलं नसतं. टाकीच्या तळाचं रबरी झाकण कडक होऊन कडेला वाकलं होतं, त्यावर पांढरा क्षार चढला होता. हे झाकण बदलायला नव्या कमोडच्या तुलनेत काहीच खर्च येत नाही. पण त्याला मॉडेल नंबर नसतो, फोटोत ते दिसत नाही, म्हणून त्यावर रिबेटही नाही. 42 लिटर वाचवायला आम्ही आजींना साठवलेले पैसे आधी खर्च करायला लावले आणि 480 लिटर शेजारूनच वाहत राहिले. मला याचा मनापासून राग आला, आणि लाजही वाटली.

दुरुस्ती करायची आम्हाला परवानगी नाही. टाकीला पाणी सोडणारा अँगल कॉक तेवढा घट्ट बंद करून दिला आणि प्लंबरला दाखवायला काय बिघडलंय ते कागदावर लिहून ठेवलं. आजी माझ्याबरोबर मीटरपर्यंत आल्या. चष्मा पदराने पुसून वाकल्या. लाल त्रिकोण थांबला होता. "नक्की?" म्हणत त्यांनी आणखी थोडा वेळ त्यावरची नजर हलवली नाही.

रिबेट मंजूर करण्याआधी घरातल्या प्रत्येक टाकीची रंगाची चाचणी व्हावी, असं मी शेऱ्यात लिहिलं. जागा पुरेना, तेव्हा उरलेलं कागदाच्या पाठीवर लिहिलं. अर्ज अजून तोच आहे. मी मात्र त्या दिवसापासून निळ्या रंगाची बाटली पिशवीत ठेवते आणि आधी मीटरपाशी जाते.