दुपारी बारा ते पाचचं काय करायचं

२६ मे, रात्री

सुट्टी हा प्रॉब्लेम नाहीच आहे, प्रॉब्लेम आहे दुपारी बारा ते पाच. सकाळी सहाला आमचे दोघंही टुणकन उठतात (शाळा असली की उठवता उठवता नाकी नऊ येतात ती गोष्ट वेगळी), आठपर्यंत ग्राउंडवर हुंदडून येतात, आणि संध्याकाळी सहानंतर गल्लीत रेसटीप नाहीतर डब्बा ऐसपैस सुरू झाला की जेवायला हाका मारून मारून माझाच घसा बसतो. तिथे आईबापाचं कामच नाही अन् एक रुपयाही लागत नाही. पण मधले जे पाच तास आहेत ना, आमच्या नागपूरचे ४५ डिग्रीवाले, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, नळातून चहाचं पाणी येते, दारंखिडक्या लावलेल्या आणि दोन पोट्टे एका कूलरसमोर, "आई, बोअर होऊन राहिलं ना" दर दहा मिनिटांनी. सगळा खर्च या पाच तासांचा असतो.

समर कॅम्पची चौकशी केली होती एप्रिलमध्ये. दोघांचे मिळून जेवढे सांगितले तेवढ्यात महिन्याचा किराणा भरून उरले असते, आणि शिकवणार काय तर कागदाचं फूल अन् नो-फायर कुकिंग म्हणजे ब्रेडवर सॉस. मॉलमधल्या प्ले झोनला नणंदेच्या मुलांसोबत जाणं झालं, तिथे तासाच्या हिशोबाने पैसे, मोजे वेगळे विकत, आणि बाहेर निघाल्या निघाल्या धाकटा म्हणतो आता काय. म्हणजे पैसे देऊनही "आता काय" फुकटच मिळते.

मग यूट्यूबवरच्या अॅक्टिव्हिटीज झाल्या, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर वगैरे. वीस मिनिटं. मला वाटते पोरांना बरोबर कळते की हे आपल्याला गुंतवून ठेवायला काढलेलं काम आहे. खरं काम दिलं, ज्याच्यावाचून घरातलं काहीतरी अडेल असं, की तेच पोट्टे जागचे हलत नाहीत. हे माझ्या लक्षात आणून दिलं कुरडयांनी.

सासूबाईंनी यंदा तीन किलो गहू भिजवले. तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, ते काम मोठीकडे. दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास सुटतो तर नाक दाबून "ईऽऽ" करत करत पण केलं तिने, धाकट्याला हात लावू दिला नाही. मग वाटणं, गाळणं, रात्रभर चीक खाली बसू देणं. पहाटे पाचला दोघंही न उठवता उठले कारण आजीने सांगून ठेवलं होतं की वरचं नितळ पाणी काढताना भांडं हललं तर सगळी मेहनत वाया, आणि ते पाणी काढायचं काम त्यांचं. मोठी वाटीने पाणी काढून राहिली, धाकटा श्वास रोखून टॉर्च धरून उभा, इतकी शांतता आमच्या घरात परीक्षेच्या दिवसांतही नसते. गरम चीक दूध-साखर घालून वाट्याच्या वाट्या खाल्ला, आजीने आपला तेल-तिखट घालून. ऊन चढायच्या आत छतावर प्लास्टिक अंथरून सोऱ्याने कुरडया घातल्या, आणि मग जिन्याच्या सावलीत बसून कावळे हाकलायची ड्युटी, काठी घेऊन, पाळीपाळीने. अर्धवट वाळलेल्या कुरडया कावळ्यांनी खाल्ल्या त्याहून जास्त राखणदारांनी खाल्ल्या, पण ते सासूबाई आधीच धरून चालतात. त्यानंतर मुगवड्या झाल्या, ज्वारीचे धापोडे झाले, शेजारच्या काकूंकडेही आमची टीम जाऊन आली. मजुरी एकेक पेला पन्हं.

दुपारचा हिट आयटम मात्र मी काढलेलाच नाही, मोठीने काढला. पेपरात विदर्भातल्या शहरांच्या तापमानाचा तक्ता येतो ना रोज, त्याची यांनी लीग केली. गल्लीतले सगळे मिळून चिठ्ठ्या काढल्या, कोणाला चंद्रपूर, कोणाला अकोला, कोणाला ब्रह्मपुरी, वर्धा, अमरावती, यवतमाळ. ज्याचं शहर सगळ्यात तापलं त्याला त्या दिवशीचे दोन पॉइंट. कालनिर्णयच्या पानामागे टेबल आखलेलं आहे, दशांश चिन्हावरून भांडणं होतात, ४५.२ आणि ४५.४ मधला फरक धाकट्याला आता वर्गातल्या कोणापेक्षाही चांगला कळतो. हरला त्याने पक्ष्यांचे सकोरे भरायचे. वरच्या मजल्यावरच्या एका बिचाऱ्याच्या वाट्याला बुलढाणा आलं. रोज तळाला. रडला, चिठ्ठी बदलून द्या म्हणाला, कोणी देईना, तेव्हा नकाशा काढून बसले सगळे आणि शोधून काढलं की बुलढाणा उंचावर आहे, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, ते कसं तापेल. आता तो ऐटीत सांगतो की आमचं हिलस्टेशन आहे, तुम्ही भाजा.

कूलरचं एक लिहून ठेवते, कारण पोरं घरात असली की त्यांना वाटते पाणी भरायचं कामही आपलंच. ते नाही. प्लग काढल्याशिवाय कूलरला कोणीच हात लावायचा नाही, मोठ्यांनीही नाही, आणि पाणी मोठ्यांनीच भरायचं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने लोक जातात, टिनाची बॉडी, खाली ओली फरशी, अनवाणी पाय. मोठीला मी प्लगची इन्स्पेक्टर केलंय, बाबांनी प्लग न काढता पाइप उचलला तर ओरडायचा अधिकार तिला. फार आवडीने वापरते.

बाहेर जाणं अगदीच सोडलं नाही. अजब बंगला झाला, १८६३ चं म्युझियम आहे, जाड भिंती, उंच छत, आत शिरलं की बाहेरची झळ विसरायला होते, आणि भुसा भरलेल्या जनावरांसमोर धाकटा किती वेळ उभा राहू शकतो याला लिमिट नाही. मेट्रोत बसवून एकदा खापरीपर्यंत नेऊन आणलं, काहीच काम नव्हतं, एसीत बसून वर्धा रोड वरून बघायचा एवढंच. मल्टिप्लेक्सच्या एका पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त आणि शेजारी बसलेल्या आजोबांनी डबल डेकर पुलाची सगळी माहिती फुकट दिली. १ मेला सीताबर्डीचा किल्ला बघितला, तो वर्षातून तीनच दिवस उघडतात, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि महाराष्ट्र दिन, म्हणजे सुट्टीत सापडतो तो एकच. १८१७ ची लढाई इथेच झाली हे वर उभं राहून सांगितलं की जरा पटते, पुस्तकात ते दोन ओळीत संपते.

सगळ्यात जास्त रमले नॅरोगेज म्युझियममध्ये, कडबी चौकाजवळचं, पण त्याचं श्रेय माझ्या आईला. आईचं माहेर भिवापूरचं. इतवारीहून नागभीडला जाणारी जी छोटी गाडी होती, २०१९ ला बंद झाली ब्रॉडगेज करायला, तिने आईची सगळी येजा. इंजिनांची पाटी कोणी वाचली नाही, आजीच सांगत होती, खिडकीतून मिरच्यांच्या पोत्यांचा वास कसा यायचा अन् उमरेडला गाडी थांबली की काय काय व्हायचं. परत येताना धाकट्याने विचारलं, आजी, आता त्या डब्यातून आपण का नाही जात, तर आजी म्हणाली, अरे आता फाटकातून बाहेर पडून ऑटो करू पहिले.

आजचा दिवस तर वसूलच. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानतात ते नऊ दिवस, कालपासून लागला, आणि नागपूरला आजच्या तारखेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पडतच नाही. शून्य सावली. एरवी बाराला मी कोणालाही छतावर पाठवणार नाही, आज पाच मिनिटांची परमिशन दिली, डोक्याला ओले दुपट्टे, पायाखाली ओलं पोतं कारण स्लॅबवर पाय ठेवणं शक्यच नाही. पालथा स्टीलचा पेला, एक उभा सेल आणि प्लंबरने टाकून दिलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढी सामग्री. बारा पाचला पेल्याच्या कडेला बारीकशी काळी रेघ होती. मग ती बघता बघता पेल्याखाली शिरली. पाइपमध्ये वाकून पाहिलं तर तळाला स्लॅबवर उन्हाचा पूर्ण गोल, नाण्यासारखा, बाजूच्या भिंतीला कुठेच ऊन लागलेलं नाही. धाकट्याचं संशोधन वेगळंच, उभं राहिलं तर सावली पायाशी गोळा होते पण उडी मारली की खाली एक काळा ठिपका सुटा दिसतो, मग पोत्यावर उड्याच उड्या, खाली सासूबाईंना वाटलं काय पडलं.

खाली येऊन कूलरसमोर प्रश्नोत्तरं, आणि हा तास कोणी "बोअर" म्हणालं नाही. बाराला का नाही, बारा दहाला का? कारण घड्याळ आपलं साडेब्याऐंशी रेखांशाचं, तिकडे मिर्झापूरच्या बाजूचं, आपण पश्चिमेला ७९ वर, सूर्य आपल्याकडे थोडा उशिरा पोचतो. पुण्यामुंबईला हेच मेच्या मधल्या दिवसांत होऊन गेलं, आपण उत्तरेला म्हणून नंतर, आणि कर्कवृत्ताच्या वर तर कधीच नाही. "म्हणजे दिल्लीच्या मामाकडे कधीच नाही?" कधीच नाही. लगेच मामाला फोन. दक्षिणेकडे परत जाताना जुलैच्या मध्यात सूर्य पुन्हा नागपूरवर येतो हेही सांगितलं, पण तेव्हा ढग असणार, आणि शाळाही.

मोबाइल देतच नाही असं खोटं कशाला लिहू, मला ऑफिसच्या हिशोबाच्या फायली असल्या की देते, दीडेक तास जातो. त्यातला अर्धा वेळ 'किशोर' वाचण्यात जातो हे आपलं समाधान, बालभारतीने १९७१ पासूनचे जुने अंक फुकट टाकलेत ऑनलाइन, आणि आपण लहानपणी वाचलेला अंक आपल्या पोरीच्या हातात बघून मीच तिच्या हातून हिसकून वाचत बसते.

शाळा उघडायला अजून महिना आहे. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे महिनाअखेर, म्हणजे पुण्याच्या जावेची सुटका आधी. लीगचं पण जूनमध्ये काय करायचं यावर मघापासून गॅलरीत मीटिंग भरलीय. बुलढाणेवाल्याचं म्हणणं, तापायची लीग बंद करा आणि ज्याच्याकडे पहिला पाऊस तो जिंकला असं ठेवा. चंद्रपूरवाली लगेच तयार, कारण पाऊस खालून तिच्याकडून येतो हे तिला माहीत आहे. अकोलावाल्याला यात डाव दिसतो. मग कोणीतरी गडचिरोलीचं नाव काढलं, जे लीगमध्ये नव्हतंच, आणि आता त्याला घ्यायचं की नाही यावर इतका कल्ला चालू आहे की खालच्या काकांनी दोनदा आवाज दिला.