जखम तीच, पण राज्य कोणतं?

नवऱ्याच्या मारहाणीनंतर अमेरिकेत इमर्जन्सी रूम गाठली, तर डॉक्टर पोलिसांना कळवणार का? हे ज्या त्या राज्याच्या कायद्यावर ठरतं.

कॅलिफोर्नियात दंडसंहितेचं कलम १११६० लागू होतं. मारहाणीच्या जखमेवर उपचार करणाऱ्याने पोलिसांना शक्य तितक्या लवकर फोन करायचा आणि कामाच्या दोन दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. तुम्ही नको म्हटलं तरी. अहवालात तुमचं नाव, ठिकाण, जखमा आणि मारणाऱ्याचं नाव सांगितलं असेल तर तेही जातं. शारीरिक उपचार न करणाऱ्या समुपदेशकावर मात्र हे कलम लागू नाही.

न्यूयॉर्कमध्ये बंदुकीची गोळी, जीवावर बेतणारा चाकूचा वार आणि गंभीर भाजणं एवढंच कळवावं लागतं. मोडलेला हात त्यात येत नाही. कोलोरॅडोने २०१७ मध्ये सूट दिली: सज्ञान बाई नको म्हणाली आणि गोळी, सुरा किंवा गंभीर इजा नसेल, तर डॉक्टरांनी नोंद ठेवून तिला मदतसंस्थेकडे पाठवायचं. केंटकीत त्याच वर्षापासून पोलिसांना कळवायचं ते बाईने सांगितलं तरच.

मला कोलोरॅडोची वाट बरी वाटते. 'मी नाही, डॉक्टरांनीच कळवलं' ही ढाल तिथे राहत नाही, हे खरं. पण सक्तीच्या राज्यात पोलीस दारात येऊ शकतात, आणि तेव्हा घरात नवराही असू शकतो. म्हणून जखम कशी झाली हे सांगण्याआधी विचारा: "यातलं काय तुम्हाला पोलिसांना कळवावंच लागेल?" अहवाल जाणारच असेल, तर सुरक्षित फोन नंबर आणि बोलायची वेळ त्यात लिहायला लावा. दुभाषी हॉस्पिटलचाच मागा, नवरा किंवा सासू नको. मुलांना इजा झाली असेल तर ही सूट विसरा. त्याचा कायदा वेगळा आहे.

एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्या नवऱ्याच्या जोडीने मिळणाऱ्या व्हिसावर असलेल्यांसाठी अहवालाची दुसरी बाजूही आहे. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर व्हावाखाली (स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा, VAWA) ग्रीन कार्डसाठी स्वतः अर्ज करता येत नाही. गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्यांना मिळणाऱ्या यू व्हिसासाठी पोलीस, सरकारी वकील किंवा तशा अधिकृत यंत्रणेचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं. हॉस्पिटलचा अहवाल म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे, पण पोलिसांकडे प्रकरणाची सुरुवात त्यातून होऊ शकते.

शेवटची अडचण विम्याची. विमा नवऱ्याच्या नावावर असला की उपचारांचा तपशील टपालाने घरी येतो. जिवाला धोका असल्याचं सांगून पत्रव्यवहार दुसऱ्या पत्त्यावर मागितला, तर विमा कंपनीला तो द्यावा लागतो. ही विनंती लेखी करा, आणि बिल जाण्याआधी. पेशंट पोर्टलचा (हॉस्पिटलच्या ऑनलाइन खात्याचा) पासवर्डही त्याच दिवशी बदला.