एमेट डाल्टनच्या मागावर: कॉफीव्हिलला अर्धा दिवस पुरे, टोपेकाला दोन द्या

अमेरिकेतल्या डाल्टन टोळीतला दरोडेखोर एमेट डाल्टन याचं सगळं कॅन्सस राज्यातल्या कॉफीव्हिलला बघायला मिळेल, असं आम्हाला दोघातिघांनी सांगितलं होतं. ते चूक आहे. कॅन्सस सिटीहून 169 नंबरच्या रस्त्याने तीन तास गाडी हाकून आम्ही पोचलो आणि तिथे भेटला तो 5 ऑक्टोबर 1892 चा एमेट, 21 वर्षांचा. एडेअर गावी आगगाडी लुटून तीन महिने होत नाहीत तोच ही टोळी एकाच सकाळी गावातल्या दोन बँका लुटायला आली होती. दहा-बारा मिनिटांत आठ माणसं मेली, चार गावातली आणि चार टोळीतली. जिवंत राहिला एकटा एमेट, अंगावर 23 जखमा घेऊन. पडलेल्या भावाला, बॉबला, उचलायला तो घोड्यावरून वाकला आणि तिथेच त्याला पाठीत छर्रे बसले.

संग्रहालय गावासाठी मेलेल्या चौघांचं आहे आणि ते तसंच असायला हवं. तेव्हा एमेटची कागदपत्रं मिळतील या आशेने जाऊ नका. त्या दोनपैकी एक असलेल्या कॉन्डन बँकेची इमारत आणि गोळीबार झाला ती गल्ली बघा, मग एल्मवुड दफनभूमीत नक्की जा. बॉब, दुसरा भाऊ ग्रॅट आणि टोळीतला बिल पॉवर एकाच खड्ड्यात आहेत. कित्येक वर्षं त्यांच्या उशाशी खूण म्हणून फक्त एक लोखंडी नळी होती, त्या सकाळी त्यांनी घोडे बांधले होते तीच. नावं कोरलेला दगड बसवला एमेटने, म्हातारपणी परत येऊन. नळी अजून तिथेच आहे, मी हात लावून पाहिली. जवळच फ्रँकची कबर आहे. हा थोरला भाऊ सरकारी मार्शलच्या, म्हणजे कायद्याच्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली होता आणि 1887 मध्ये कामावर असताना मारला गेला. एका घरातली ही दोन टोकं बघून मला तिथून हलवेना.

आता ओक्लाहोमा राज्यातलं किंगफिशर. एमेटची रक्षा तिथे आहे, आईही तिथेच. आम्ही टल्साहून टर्नर टर्नपाइक या टोलरस्त्याने गेलो आणि फसलो. ओक्लाहोमात टोलनाक्यावर रोख घेतच नाहीत, गाडीच्या नंबरपाटीचा फोटो निघतो. भाड्याच्या गाडीचं बिल आलं तेव्हा टोल किरकोळ होता, पण कंपनीची 'सेवा फी' त्याच्या कितीतरी पट. तीही दिवसागणिक, ज्या दिवशी टोलरस्त्याला चाक लागलं नाही त्या दिवसांचीसुद्धा! ही लूट आहे. गाडी घेतानाच टोलची अट लेखी मागा, किंवा स्वतःचा के-टॅग (गाडीला लावायचा कॅन्ससचा टोल-टॅग) न्या, तो ओक्लाहोमातही चालतो. सगळ्यात बरं म्हणजे टल्साजवळच्या सपल्पाहून 33 नंबरचा रस्ता धरा: ड्रमराइट, कुशिंग, गथ्री, किंगफिशर. वेळ जास्त लागतो, टोल शून्य. बराचसा दोनपदरी आहे, अंधार पडायच्या आत पोचा.



सुधारलेला एमेट हवा असेल तर कॅन्ससची राजधानी टोपेका. जन्मठेपेतली 14 वर्षं त्याने कॅन्ससमधल्या लॅन्सिंगच्या तुरुंगात काढली आणि 1907 मध्ये गव्हर्नर हॉक यांनी त्याला माफी दिली. लॅन्सिंग तुरुंगाची जुनी दफ्तरं आणि गव्हर्नरांच्या कचेरीचे कागद टोपेकाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. वाचनकक्षाचे दिवस-वेळा आधी विचारून घ्या, कैद्याचं नाव आणि साल लिहून न्या, पेन्सिल न्या. कागद आतून मागवावे लागतात, त्यात वेळ जातो. आम्ही शेवटची एक दुपार ठेवली होती. ती अजिबात पुरली नाही आणि त्याची हळहळ अजून गेलेली नाही.

सुटल्यावर एमेटने 1908 मध्ये जूलियाशी लग्न केलं, लॉस एंजेलिसला जाऊन घरं बांधली, विकली, चित्रपटात काम केलं, तुरुंग सुधारा म्हणून सांगत राहिला. 1937 मध्ये गेला. तुमच्याकडे चारच दिवस असतील तर कॉफीव्हिल सकाळी उरका, संध्याकाळी किंगफिशर, आणि उरलेल्यातले दोन दिवस टोपेकाला. मी पुन्हा जाईन तेव्हा सरळ टोपेकालाच उतरणार आहे.